स्ट्रेन गेजचं रीडिंग मॉडेलशी जुळत नाहीये? मॉडेलला हात लावायच्या आधी हे सगळं क्रमाने करा

दर वेळी तीच गोष्ट. पट्टीवर स्ट्रेन गेज (ताणला की ज्याचा रेझिस्टन्स बदलतो अशी बारीक फॉइलची जाळी) चिकटवला, वजन लटकवलं, रीडिंग आलं ४०० मायक्रोस्ट्रेन (लांबीच्या दर दहा लाख भागांत ४०० भागांचा बदल), कॉम्प्युटरवरचं मॉडेल म्हणतंय ३७४, मग माणूस काय करतो तर मॉडेलमधला मॉड्युलस (पट्टीचा धातू किती ताठ तो आकडा) ७० वरून ६५.४ गिगापास्कलवर आणतो, दोन्ही आकडे जुळतात आणि रिपोर्टमध्ये 'उत्तम साम्य' लिहून मोकळा होतो. मीही केलंय हे, खोटं कशाला बोलू. नंतर टोकाला डायल गेज (टोक किती मिमी वाकलं ते दाखवणारा) लावला तेव्हा ते साम्य कोसळलं, ते कसं ते सातव्या टप्प्यात सांगतो.

खालचा क्रम साध्या फॉइल गेजसाठी आहे, धातूची पट्टी असो नाहीतर कार्बन फायबरचं लॅमिनेट (रेझिनमध्ये धाग्यांचे थर बसवलेली शीट). क्रम मोडू नका एवढंच म्हणणं आहे, कारण तिसऱ्या टप्प्यातली चूक सहाव्या टप्प्यात दिसते आणि तोपर्यंत गेज खरवडून काढण्याशिवाय इलाज नसतो.

## १. गेजचं पाकीट फोडायच्या आधी कागदावर आकडा काढा

आधी अंदाज, मग मोजमाप. उलटं केलं की आलेलं रीडिंग आपोआप बरोबरच वाटायला लागतं.

माझं नेहमीचं उदाहरण घ्या. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, रुंदी २५ मिमी, जाडी ३ मिमी, एक टोक क्लॅम्पमध्ये, दुसऱ्या टोकाला अर्धा किलो वजन म्हणजे ४.९ न्यूटन. क्लॅम्पपासून वजनापर्यंत २३० मिमी, गेज वजनापासून २०० मिमीवर. सूत्र सोपं:

स्ट्रेन = (६ × लोड × गेजपासून लोडपर्यंतचं अंतर) ÷ (रुंदी × जाडीचा वर्ग × मॉड्युलस)

मॉड्युलस ७०,००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरला की ३७४ मायक्रोस्ट्रेन येतो. टोकाचं वाकणं ५.०५ मिमी. दोन्ही आकडे वहीत, तारखेसह. मॉडेल करायचंच असेल तर तेही आत्ताच करा आणि फाइल सेव्ह करून ठेवा, नंतर 'जरा मेश (मॉडेलचे छोटे तुकडे पाडणारी आखणी) बदलून बघतो' हा मोह होतोच.

गेज कुठला घ्यायचा हेही इथेच ठरवा, आणि इथे लोक फार चुकतात. शक्यतो क्लॅम्पपासून निदान एक रुंदीभर लांब, जिथे स्ट्रेन हळू बदलतो तिथे. भोकाच्या कडेला गेज लावायचा असेल तर एक गोष्ट समजून घ्या: रुंद प्लेटमधल्या गोल भोकाच्या कडेला स्ट्रेस साधारण तिप्पट असतो, पण भोक १० मिमी व्यासाचं असेल तर कडेपासून फक्त २.५ मिमी आत गेलात की तो दीडपट उरतो. गेज त्याच्या जाळीखालच्या सगळ्या भागाची सरासरी देतो. जाळी त्याच २.५ मिमीत बसली तर दोनपटीच्या आसपास दाखवणार, आणि तुम्ही तिप्पट शोधत बसणार.

विणलेल्या कापडाचं लॅमिनेट असेल तर गेजची लांबी विणीच्या एका पूर्ण नक्षीपेक्षा मोठी पाहिजे, नाहीतर गेज एकाच धाग्यावर बसतो आणि त्या धाग्याचंच गाऱ्हाणं सांगतो. काँक्रीट असेल तर सगळ्यात मोठ्या खडीच्या निदान तीन-चार पट लांबी.

ओमचं काय? धातूला १२० ओम चालतो. लॅमिनेटसारख्या कॉम्पोझिटला ३५० घ्या, मिळाला तर १००० ओम. कारण उष्णता. ब्रिजला (चार रेझिस्टरची चौकट, गेज तिची एक भुजा) ५ व्होल्ट दिले की गेजवर अडीच व्होल्ट येतात, १२० ओमचा गेज ५२ मिलिवॅट खातो, धातू ती उष्णता ओढून घेतो पण रेझिनला ते जमत नाही, मग रीडिंग सरकत राहतं आणि आपण म्हणतो क्रीप (लोड तेवढाच असताना हळूहळू ताणलं जाणं) आहे. ३५० ओम आणि २ व्होल्टवर हेच जेमतेम ३ मिलिवॅट होतं.

सावधान: पाकिटावर तापमान भरपाईचा नंबर असतो (दर अंशाला किती मायक्रोस्ट्रेन प्रसरण धरलंय तो), स्टीलसाठी ११ च्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमसाठी २३. कार्बन फायबर धाग्याच्या दिशेने जवळजवळ प्रसरणच पावत नाही. त्यावर स्टीलचा गेज लावला आणि खोली १० अंशांनी तापली तर काहीही लोड नसताना सुमारे ११० मायक्रोस्ट्रेनचा खोटा आकडा. उपाय एकच, त्याच लॅमिनेटचा एक मोकळा तुकडा, त्याच दिशेने तसाच दुसरा गेज, आणि तो ब्रिजच्या शेजारच्या भुजेत.

## २. मोजा. खरंच मोजा.

शीटवर ३ मिमी लिहिलंय म्हणून जाडी ३ मिमी नसते. मायक्रोमीटरने गेजच्या जागी तीन ठिकाणी मोजा, सरासरी लिहा. वाकण्याच्या टेस्टमध्ये जाडीचा वर्ग येतो, त्यामुळे ३ ऐवजी २.९ असेल तर स्ट्रेनमध्ये ७ टक्के फरक पडतो. अंतर मोजताना लोड नक्की कुठे टेकतोय तिथून मोजा, हुकच्या मधून, पट्टीच्या टोकापासून नाही.

पुढे.

## ३. पृष्ठभाग

याला सगळ्यात जास्त वेळ द्या. चिकटवायला दोन मिनिटं लागतात, तयारीला अर्धा तास.

आधी ग्रीस काढा, मग घासा. आधी घासलंत तर तेल त्या ओरखड्यांत दाबून बसवलंत. धातूला सॉल्व्हंटने पुसून २२० किंवा ३२० चा पॉलिश पेपर, मग ४०० चा पेपर कंडिशनर (पृष्ठभाग साफ करणारं सौम्य आम्ल) टाकून ओला, जागा गेजपेक्षा बरीच मोठी घ्या. लॅमिनेटला आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पेपर अगदी हलक्या हाताने, फक्त वरचं रेझिन मॅट होईपर्यंत. पेपरवर काळी पावडर यायला लागली की थांबा, धागे कापले जातायत. मास्क लावा, ही धूळ चांगली नाही. पील प्लायची (लॅमिनेट बनवताना वर लावून नंतर सोलून काढायच्या कापडाची) खरबरीत जाळी राहिलेली असेल तर पातळ इपॉक्सीने भरून घ्या, ते कडक झालं की मग घासा.

खुणा आता करायच्या. धातूवर टणक पेन्सिलीने किंवा रिकाम्या बॉलपेनने नुसती रेघ उमटवायची, खरवडायची नाही, म्हणजे गेजखाली उंचवटा किंवा खाच राहत नाही. मग कंडिशनर लावून कापसाच्या काडीने घासा, काडी स्वच्छ येईपर्यंत नवीन काडी, शेवटी न्यूट्रलायझर (ते आम्ल मारणारा द्रव).

पुसायची पद्धत बघा, कारण सगळी मेहनत इथेच वाया जाते: स्वच्छ गॉझ, मधून सुरू करून एका बाजूला एकच फटका, मग गॉझची नवी घडी आणि मधून दुसऱ्या बाजूला एकच फटका. पुढे-मागे पुसलंत तर कडेची घाण परत मध्ये आणलीत. आणि त्यानंतर बोट लावून 'गुळगुळीत झालं का' बघणारे महाभाग प्रत्येक लॅबमध्ये असतात. बोट लावलं, पुन्हा पहिल्यापासून.

चेक: स्वच्छ पाण्याचा थेंब टाका. पसरला तर ठीक, गोळा होऊन बसला तर तेल शिल्लक आहे. बघून झालं की शेवटची दोन पावलं, कंडिशनर आणि न्यूट्रलायझर, परत.

अ‍ॅल्युमिनियमवर तयारी झाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत गेज चिकटवा, ऑक्साइडचा थर तुमच्या चहाची वाट बघत नाही.

## ४. चिकटवणं

सायनोअ‍ॅक्रिलेटचा (झटपट धरणाऱ्या ग्लूचा) क्रम सांगतो, इपॉक्सी असेल तर दाब आणि तापमान त्याच्या पानावर दिलेलं पाळा.

अ) स्वच्छ काचेवर गेज चकाकती बाजू वर ठेवून, त्यावर सेलोटेप लावा. टेप अगदी चपट्या कोनात, ४५ अंशांपेक्षा कमी, हळू उचला. गेज टेपला चिकटून येतो.

आ) टेप पट्टीवर ठेवा, गेजवरच्या त्रिकोणी खुणा तुमच्या रेघांशी जुळवा. नाही जुळल्या तर उचलून परत, घाई नको. किती चुकलं तर चालतं? एका दिशेने ताणलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर लोडच्या दिशेचा गेज ५ अंशांनी फिरला तर १ टक्का चूक, पण आडव्या गेजमध्ये तेवढ्याच ५ अंशांनी ३ टक्के, म्हणजे तुमचा पॉयसन रेशो (लांबीत ताणल्यावर आडवं किती आकसतं तो आकडा) तिथेच गेला. धागे तिरके असलेल्या लॅमिनेटमध्ये ताणासोबत शिअरही (तिरकं सरकणं) येतो, तिथे याहून वाईट.

इ) टेपचं एक टोक उचलून गेज उलटा करा, मागच्या बाजूला कॅटॅलिस्टचा (ग्लू लवकर धरवणाऱ्या द्रवाचा) पातळ हात, ब्रश बाटलीच्या तोंडाला चांगला निथळून. एक मिनिट सुकू द्या.

ई) टेप जिथे पट्टीला टेकते त्या घडीत ग्लूचा एक थेंब, दोन नाहीत, आणि लगेच गॉझने एकाच ओढीत टेप खाली दाबत न्या म्हणजे ग्लू पुढे ढकलला जाऊन पातळ थर राहतो. लगेच अंगठा. पूर्ण एक मिनिट, अंगठा हलवायचा नाही, फोन वाजला तरी. अंगठ्याच्या उबेने ग्लू लवकर धरतो. मग आणखी दोन मिनिटं तसंच सोडा.

उ) टेप काढताना वर ओढू नका, तिच्याच अंगावर मागे दुमडून सपाट ओढत न्या.

चेक: कडेने सगळीकडे ग्लूची बारीक रेघ दिसली पाहिजे. कुठे पांढरट चट्टा किंवा बुडबुडा जाळीखाली असेल तर हा गेज गेला असं समजा. कोपरा उचलून खाली ग्लू सोडणारे लोक बघितलेत मी, तसलं काही करू नका.

## ५. वायर आणि सोल्डर

इथला हिशोब एकदा नीट वाचा, मग तुम्ही कधीच निष्काळजी सोल्डर करणार नाही. १२० ओमचा गेज, गेज फॅक्टर (रेझिस्टन्सचा प्रमाणातला बदल स्ट्रेनच्या किती पट तो आकडा) २. हजार मायक्रोस्ट्रेनला रेझिस्टन्स बदलतो ०.२४ ओम. आपल्या ३७४ ला जेमतेम ०.०९ ओम. म्हणजे सोल्डरचा जॉइंट कच्चा असेल आणि ०.१ ओमनी हलला, तर ४१७ मायक्रोस्ट्रेन, तुमच्या पूर्ण सिग्नलपेक्षा जास्त.

म्हणून टर्मिनल पॅड वेगळा चिकटवा, गेजपासून पॅडपर्यंत बारीक वायर थोडी सैल, कमानीसारखी, म्हणजे केबल ओढली गेली तरी गेजला झटका नाही. फ्लक्स (सोल्डरसोबत वापरलेलं रसायन) पूर्ण साफ.

क्वार्टर ब्रिज (चारपैकी एकाच भुजेत गेज) असेल तर तीन वायर. दोन वायरने काय होतं बघा: जाऊन-येऊन १ ओमची तांब्याची वायर, १० अंश तापली, ०.०३९ ओम वाढली, झाले १६० मायक्रोस्ट्रेन, आणि पट्टीला तर कोणी हातही लावलेला नाही. तिसऱ्या वायरने हा भाग कटतो. मात्र वायरच्या रेझिस्टन्समुळे सेन्सिटिव्हिटी थोडी पडते ती पडतेच, तिचं पुढच्या टप्प्यात बघू.

चेक, तिन्ही करा, क्रमाने:
- गेजचा रेझिस्टन्स पाकिटावरच्या आकड्यापासून अर्ध्या टक्क्याच्या आत. बाहेर गेला तर गेज चिकटवताना दुखावलाय.
- गेज आणि पट्टी यांच्यात इन्सुलेशन. चांगल्या कामात हजारो मेगाओम येतो, दहा हजारच्या वर असेल तर निवांत. काहीशे आला तर फ्लक्स किंवा ओल. साध्या मल्टीमीटरने 'ओपन' दाखवलं म्हणून पास समजू नका, त्याची धाव तेवढी नसतेच. ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेजचा इन्सुलेशन मीटर) तर लावूच नका, गेज जाईल. कार्बन फायबर स्वतः वीज वाहतो, तिथे ही तपासणी टाळलीत तर रीडिंग का नाचतंय हे कळणार नाही.
- ब्रिज जोडून पेन्सिलीच्या खोडरबराने गेजवर हलकं दाबा. आकडा हलेल, सोडल्यावर परत शून्यावर यायला पाहिजे. नाही आला तर खाली पोकळी आहे.

हे झालं की मग वरून कोटिंग. आधी कोटिंग आणि मग चेक असं करू नका, बिघाड सापडला तर सगळं खरवडावं लागतं.

## ६. शंट, शून्य आणि लोड

सॉफ्टवेअरमध्ये गेज फॅक्टर टाका, पाकिटावरचा. बहुतेक ठिकाणी आधीच २.० भरलेला असतो, पाकिटावर २.१२ असतो, आणि ६ टक्के चूक फुकटात मिळते. एकदा तर मी तिसऱ्या दिवशी बघितलं.

मग शंट. गेजला समांतर ५९,८८० ओमचा रेझिस्टर लावला की १२० ओम आणि फॅक्टर २ ला बरोबर १००० मायक्रोस्ट्रेन दिसायला पाहिजेत, उणे, कारण रेझिस्टन्स कमी होतो. फॅक्टर २.१ टाकलेला असेल तर ९५२. शक्यतो शंट गेजच्या टोकाशी लावा, म्हणजे लांब वायरमुळे पडलेली सेन्सिटिव्हिटीही त्यात पकडली जाते, आणि ९९२ आले तर त्याप्रमाणे आकडा दुरुस्त करता येतो.

सावधान: शंट पास झाला म्हणजे गेज नीट चिकटलाय असं नाही. शंट फक्त वायर, ब्रिज आणि सेटिंग तपासतो. गेज हवेत लटकत असला तरी शंट पास होतो.

सिस्टीम चालू करून वीसेक मिनिटं तापू द्या. पट्टीला तीन वेळा पूर्ण लोड देऊन काढा, ही रीडिंग फेकून द्यायची. मग शून्य घ्या आणि लोड पाच पायऱ्यांत चढवा, तसाच उतरवा. एकच लोड, एकच रीडिंग असं कधीच नको.

ग्राफ काढा, लोड आडवा, स्ट्रेन उभा. सरळ रेघ पण शून्यातून जात नाही, तर शून्य चुकलंय किंवा तापमान सरकलंय. चढताना एक वाट आणि उतरताना दुसरी, तर क्लॅम्प सरकतोय किंवा ग्लू कच्चा. सरळ, शून्यातून, परत शून्यावर, असं झालं तरच पुढच्या टप्प्यात जा, आणि तुलना रेघेच्या उताराची करा, एखाद्या बिंदूची नाही.

ताणाच्या टेस्टमध्ये कुपन (टेस्टसाठी कापलेली पट्टी) असेल तर दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून गेज लावा. दोन्हीतला फरक भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले शंभर, एवढे टक्के कुपन वाकतंय. एएसटीएम डी३०३९ (लॅमिनेटच्या ताणाच्या टेस्टचं मानक) नुसार नीट केलेल्या टेस्टमध्ये हे ३ ते ५ टक्क्यांत राहतं. एकाच बाजूला गेज असेल तर हा वाकलेला भाग तुमच्या मॉड्युलसमध्ये गुपचूप शिरतो. मॉड्युलस काढतानाही रेंज बघा, डी३०३९ मध्ये तो १००० ते ३००० मायक्रोस्ट्रेनमधला असतो, आयएसओ ५२७ या दुसऱ्या मानकात ५०० ते २५००. एकाचा आकडा मॉडेलमध्ये आणि दुसऱ्याची टेस्ट, मग जुळेल कसं?

## ७. आता मॉडेल उघडा

पहिलं, बरोबर तेच काढताय का बघा. शेल एलिमेंट (जाडी फक्त आकड्याने धरणारे मॉडेलचे तुकडे) असेल तर सॉफ्टवेअर कुठल्या पृष्ठभागाचा आकडा दाखवतंय, वरचा, खालचा की मधला? वाकण्यात मधल्या पृष्ठभागावर शून्य असतं. सॉलिड एलिमेंट (खरी जाडी असलेले तुकडे) असेल आणि जाडीत एकच थर, तोही लिनियर, रिड्यूस्ड इंटिग्रेशनचा, तर त्याचा एकमेव हिशोबाचा बिंदू बरोबर मध्यावर येतो आणि वाकण्याचा स्ट्रेन तिथे शून्यच. निदान चार थर द्या किंवा क्वाड्रॅटिक घ्या. लाल रंगाचा कमाल आकडा उचलू नका, गेजच्या जाळीखाली येणाऱ्या भागाची, गेजच्या दिशेतल्या स्ट्रेनची सरासरी काढा. प्रिन्सिपल (जिथे कमाल येतो त्या दिशेचा) नाही, व्हॉन मिसेस (सगळ्या दिशांचा मिळून एक आकडा) तर अजिबात नाही.

आता माझी ती ३७४ विरुद्ध ४०० ची भानगड. मॉड्युलस ६५.४ केला की स्ट्रेन जुळतो, आणि तेव्हा टोकाचं वाकणं ५.४१ मिमी यायला पाहिजे. डायल गेजने दाखवलं ५.६ च्या आसपास. मग मायक्रोमीटर घेतला, जो पहिल्या दिवशी घ्यायला हवा होता, जाडी निघाली २.९०. ती टाकली, मॉड्युलस परत ७०, स्ट्रेन ४००, वाकणं ५.५९.

हे चालतं कारण प्रत्येक चुकीची खूण वेगळी असते:
- मॉड्युलस चुकला तर स्ट्रेन आणि वाकणं दोन्ही सारख्याच टक्क्यांनी हलतात.
- जाडी चुकली तर स्ट्रेन वर्गाने आणि वाकणं घनाने, म्हणजे इथे ७ आणि जवळपास ११ टक्के.
- क्लॅम्प सैल असेल तर वाकणं वाढतं पण स्ट्रेन जागचा हलत नाही, कारण त्या जागचा मोमेंट (लोड गुणिले अंतर, म्हणजे वाकवणारा जोर) तेवढाच राहतो.
- गेज फॅक्टर, शंट, चिकटवणं यांतलं काही चुकलं तर फक्त स्ट्रेन हलतो, वाकणं बरोबर येतं.

म्हणून गेजसोबत वाकणं मोजलंच पाहिजे. एका आकड्यावर मॉडेल जुळवायला काहीही फिरवलं तरी जुळतं, दोन आकडे एकदम जुळवायचे म्हटलं की खरं कारण बाहेर येतं. दोन्ही टोकांना घट्ट बांधलेला भाग असेल तर मात्र वरची क्लॅम्पवाली खूण चालणार नाही, तिथे क्लॅम्प ढिला झाला की मोमेंटही बदलतो, मग सपोर्टजवळ आणि मध्यभागी असे दोन गेज लावा.

पातळ पट्टीसाठी एक बारीक गोष्ट. गेजची जाळी पृष्ठभागावर नसते, बॅकिंग आणि ग्लूमुळे थोडी वर असते. ती ०.०३ मिमी वर असेल तर ३ मिमीच्या पट्टीत वाकण्याचं रीडिंग २ टक्के जास्त येतं, १ मिमीच्या पट्टीत ६ टक्के. माझ्या ४०० मध्येही यातलं थोडं असणारच, पण दोन टक्क्यांसाठी मी भांडत नाही. १ मिमीच्या पट्टीत भांडा.

हे सगळं करूनही फरक उरलाच तर गेज खरवडून काढा, पट्टीच्या दुसऱ्या बाजूला नवा लावा आणि तिसऱ्या टप्प्यापासून परत. दुसऱ्या गेजनेही तोच आकडा दिला, चिन्ह उलटं सोडून, तर आता मॉडेलला हात लावा.